सोनटक्क्याचा पहारा

गौरी जेवतात त्या दिवशी माझ्या हातून देवीची सगळी फुले बाद झाली, आणि तीही मी एकाही फुलाला नाक न लावता.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. मी तिथे भांडारात कारकून होतो आणि कराडहून आई व बायकोला आणून बोईसरला बैठ्या चाळीत राहत होतो. दारापुढची जागा बारा फूट बाय सात (टेपने मोजलेली, गटार धरलेले नाही). त्या मुरमाड तुकड्यात सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, वर्षभराची सोय केली होती. चैत्रात मोगरा, श्रावणात तगर, मार्गशीर्षात शेवंती. महिना कोणता ते मी कॅलेंडर न बघता, दार उघडून सांगू शकत असे.

पण तिचा खरा जीव सोनटक्क्यावर. जवळच्याच माहीम गावातल्या वाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने त्याचे कंद दिले होते. "पानी कमी पडू देऊ नको बाय, दुसरं काय नाय मागत तो," एवढेच ती म्हणाली. सुमनने उन्हाळाभर भांडी विसळलेले पाणी त्याला घातले, आणि भाद्रपदात पहिल्यांदाच पांढरे तुरे डोलू लागले. तिने साऱ्या चाळीला सांगून टाकले, "यंदा गौरींना वेणी आमच्या घरची."

त्या सकाळी आमचे फोरमन तिवारीजी भांडाराची किल्ली द्यायला आले. बायकोच्या बागेचा मला इतका अभिमान की मी त्यांना कुंपणाच्या आत घेतले.

"जरा सूँघके देखिए."

"अरे वाह, बाबूजी. क्या खुशबू है."

"अब ये वाला."

तिवारीजी कामाला चोख. त्यांनी सोनटक्क्याचे एकही फूल सोडले नाही.

आई खिडकीत बसून पत्री निवडत होती. "वसंता, तो माणूस काय करतोय?"

"वास घेतोय."

"देवीच्या फुलांचा?"

हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हते? पण अभिमान चढला की माणसाला शास्त्र आठवत नाही.

"आई, मी स्वतः एकही हुंगलेलं नाही."

"उद्या गुळाच्या ढेपेवर मुंगळा सोडशील आणि म्हणशील, मी कुठं खाल्ला!"

"पण उजवीकडचे तुरे शिल्लक आहेत," मी वस्तुस्थिती मांडली.

"नहीं नहीं, बाबूजी," तिवारीजी प्रामाणिकपणे म्हणाले, "वो भी सूँघे थे."

सुमनने सुईदोरा खाली ठेवला. ती रागावली असती तर बरे झाले असते. मी म्हणालो, "सायकलवरून माहीमला जाऊन वेणी घेऊन येतो."

"आणि बायकांना काय सांगू? आमच्या घरची, माहीमहून आणलेली?"

मग ती बाहेर गेली, तुऱ्यांपाशी वाकली आणि पाने बाजूला करून पाहू लागली. "सोनटक्का संध्याकाळी उमलतो," ती सावकाश म्हणाली. "या कळ्या अजून मिटलेल्या आहेत. दुपारच्या पूजेला तगर वाहू. वेणी दिवेलागणीला, हळदीकुंकवाच्या आधी."

आम्ही सगळ्यांनी तिवारीजींकडे पाहिले.

"कली नहीं सूँघी," त्यांनी सांगितले आणि निरोप घेतला.

जेवणे होतात तोच सर आली. सोनटक्क्याची पाकळी जोराच्या पावसात टिकत नाही. शिवाय रस्त्यावरून आणखी कुणी फोरमन यायचा. आई म्हणाली, "तूच बस तिथं."

घरात छत्री एक. ती मी फुलांवर धरली. श्वास घ्यायचा तो खबरदारी म्हणून गटाराकडे तोंड करून. संध्याकाळी कळ्या एकेक सैल झाल्या आणि फुलपाखरांसारख्या उघडल्या. पाण्याने निथळत असूनही मला वाटले, कराडहून इथवर आल्याचे आज सार्थक झाले.

सुमनने मधेमधे अबोली घालून वेणी गुंफली. गौरींना ती माळल्यावर बायका म्हणू लागल्या, "सुमनताई, घर कसं घमघमतंय हो." मी तेव्हा स्वयंपाकघरात, डोक्यावरून घोंगडी घेऊन गवती चहाचा वाफारा घेत होतो. नाक ठार बंद.

सुमन आली. आवाज खुशीतला. "वेणीतून गळलेलं फूल आहे, प्रसादाचं. आता हुंगायला हरकत नाही." आणि तिने घोंगडीखाली हात घालून फूल माझ्या नाकाशी धरले.

न मोजता मी कधी एक खिळासुद्धा जमा करून घेतला नव्हता. पण तिने उन्हाळाभर घातलेले पाणी मला आठवले. मी मोठा श्वास ओढला आणि म्हणालो, "अप्रतिम. सोनटक्क्याला तोड नाही."

दारात हळदीकुंकवाच्या बायका उभ्या होत्या, हे मला त्यांच्या हसण्यावरून कळले.

"अहो," सुमन म्हणाली, "ही अबोली आहे."

"अबोलीला वास असतो," आई म्हणाली, "हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून आमच्या घरात फुलांच्या बाबतीत माझी साक्ष धरत नाहीत.