मामांनी स्वतःविरुद्ध दिलेलं प्रतिज्ञापत्र

साताऱ्याच्या आमच्या वकीलमामांकडे मारामारीतल्या आरोपीलाही चपला सरळ जोडून ठेवल्याशिवाय आत प्रवेश नसे. "शिस्त कोर्टात लागते, सुरुवात इथून कर," म्हणत ते त्याला उंबऱ्यावरून परत पाठवत. मामा गेले त्याला आता वर्ष होईल. मी त्यांचा भाचा. टायपिंग येतं एवढ्या भांडवलावर स्वतःला अर्धा वकील समजणारा.

माण तालुक्यातल्या दोन सख्ख्या भावांवर खुनाचा खटला होता. त्यांच्या घरची मोठी माणसं म्हणाली, एका घराला दोन वकील शोभत नाहीत. मामांनी दोघांचंही वकीलपत्र घेतलं. थोरला म्हणे, आम्हा दोघांवर हल्ला झाला, जीव वाचवताना तो माणूस मेला. धाकटा तानाजी म्हणे, "मी तितं न्हवतोच. मेंढरं घिऊन लांब हुतो." मामांनी थोरल्याचं धरलं. त्या बचावात तानाजीही जागेवर हजर ठरला. दोघांना जन्मठेप झाली.

'तू वेगळं बोलशील' म्हणून थोरल्याने तानाजीला अपीलही करू दिलं नाही. तो तुरुंगात वारला, तेव्हा कुठे तानाजीने हायकोर्टात उशिराचं अपील केलं: वकील दोघांचा होता, माझी बाजू मांडलीच नाही. त्याच्या नव्या वकिलाने मामांकडे प्रतिज्ञापत्र मागितलं.

मी सल्ला दिला, "मामा, आठवत नाही म्हणून लिहू. तुमच्या वयाला शोभेल."

"शोभण्यापायी एक जण आत बसलाय. टाइप कर."

ते सांगत गेले, 'तानाजीने मला सांगितले होते. दोघांचे हित वेगळे आहे हे मला कळत होते.' मी हळूच 'बहुधा कळत होते' केलं. मामांनी चष्मा लावून वाचलं. "हा बहुधा कुठल्या गावचा?" अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावलं.

हायकोर्टाने उशीर माफ केला, अपील दाखल करून घेतलं, तानाजीला जामीन दिला. इकडे कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये मामांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

सुटल्यावर तानाजी मामांच्या घरी आला. मामा उठून उभे राहिले. तो दारातूनच म्हणाला, "वकीलसाहेब, ह्ये तवाच बोलायचं हुतं."

"हो. चुकलं माझं."

"आता अपिलात तुमी हुबं ऱ्हाणार न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग पाणी द्या," म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मी उठत होतो. मामांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः आत गेले.