स्वयंपाकघरातला लवणस्तंभ

सोलापूरच्या काळ्या दगडात चुनखडीची गुहा शोधूनही सापडायची नाही. तीस वर्षं मी भूगोल शिकवला तो गुहा न बघताच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आंबूस होतं, चुनखडी विरघळवतं आणि गुहेच्या छतातून ठिबकतं. थेंबातला वायू उडाला की चुना मागे उरतो. छताला लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी. पोरं हे घोकायची, पेपरात लिहायची आणि विसरायची.

मग सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या स्लॅबला, एक पांढरी कांडी लोंबू लागली. वर गच्चीवर पाण्याची टाकी झिरपत होती. मला कोण आनंद झाला! दर रविवारी स्टुलावर चढून मी ती पट्टीनं मोजायचो. नववीचा अख्खा वर्ग घरी आणून दाखवली. बायकोनं सगळ्यांना चहा दिला आणि पोरं गेल्यावर गवंडी बोलवा म्हणाली. तिची भाकरी थापायची जागा नेमकी त्या कांडीखाली. पण गवंडी आला की आधी कांडीच फोडणार, म्हणून मी दोन पावसाळे आज-उद्या करत राहिलो.

"तुमाला त्याचं लई कौतुक," ती एकदा म्हणाली. "माज्या डोक्यावर हाय ते."

कांडी बोटभर झाली. गुहेत तेवढ्याला शेकडो वर्षं लागतात, हे फळ्यावर मीच लिहायचो. घरात दोन वर्षांत झाली, तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं. इथे डोंगर झिजत नव्हता. सिमेंटातला चुना पाण्याबरोबर निघून चालला होता आणि आतली सळई गंजून फुगत होती. शिकून शहाणा झालो नाही, एवढंच.

श्रावणातल्या एका सकाळी स्लॅबचा मोठा पोपडा खाली परातीत पडला. परातीत तिचा उजवा हात होता. हाड जुळलं, मनगट मात्र वळत नाही. आता भाकरी मी थापतो. त्या कडेला फाटतात आणि ती मुकाट्यानं खाते. त्या मुकाटपणाचा मला राग येतो, आणि त्या रागाची लाज वाटते.

परवा त्या नववीतला एक जण भेटायला आला. आता तोही भूगोल शिकवतो. त्यानं हौसेनं विचारलं, सर, तो लवणस्तंभ अजून आहे का?

"हाय की," बायको म्हणाली. पदराखालचा हात काढून तिनं त्याच्यापुढे धरला. "सरांनी लई जपला."

मी चहा टाकायला उठलो.