सगळ्यांना मंजूर

दुपारी जेवून कॉटवर आडवा होतो. बाहेरच्या खोलीत माझा भाचा विक्रांत फोनवर बोलतोय. माझी बायको कुंदा दिवाळीनंतर गेली. तिच्या ऑफिसकडून आलेले पैसे आज शेअरमध्ये घालायचं ठरलंय. एक नवी विमा कंपनी आहे, तिचा शेअर रोज वर चाललाय. "मामा, जरा पडा, मग करून टाकू," असं विक्रांत म्हणालाय.

पंखा फिरतोय. डोळे मिटतात आणि स्वयंपाकघरात कोणीतरी कुकरचं झाकण काढतं.

कुंदा आहे.

"झोपलात काय? चला, विमा काढायचाय मला. तुमच्या त्या नव्या कंपनीत."

विमा आणि कुंदानं काढायचा? ती स्वतः विमा कंपनीत अंडररायटर होती. अर्ज आला की त्या माणसाला घ्यायचं, जादा हप्ता लावायचा की परत पाठवायचं, हे ती ठरवायची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याची धाप ऐकून माझ्या कानात म्हणायची, "यांना जादा हप्ता."

स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही बाहेर पडतो ते थेट एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मी इथं मेकॅनिक होतो. दुरुस्तीच्या खड्ड्यावर गाडी उभी आहे. गाडीच्या दारात टेबल टाकून एक मुलगी बसलीय. पुढं रांग. एकानं स्वतःची सलाईनची बाटली हातात धरलीय. एकाला तर खाटेवरून आणलंय. मुलगी कोणाकडं बघत नाही. शिक्का मारते, पेढा देते, "मंजूर" म्हणते.

कुंदाचा नंबर येतो.

"तब्येत कशी आहे, ताई?"

"वारले मी. दिवाळीनंतर."

"छान, छान. सही इथं करा."

"अहो बाई, ती गेलीय! मी स्वतः अग्नी दिलाय!"

"काका, मध्ये घुसू नका. रांगेत या."

कुंदा मनगट पुढं करते. "नाडी तरी बघा माझी."

मुलगी त्या हातावर पेढा ठेवते. "मंजूर. अभिनंदन हं, ताई."

कुंदा माझ्याकडं वळते. "तुम्ही बघा."

"मला नको."

"बघा म्हणते ना."

मी तिच्या मनगटावर बोट ठेवतो. काही नाही. नळाखालच्या फरशीसारखं गार. मी बोट काढायला जातो, तर ती वरून दुसरा हात दाबून धरते.

"हे रोज असंच सगळ्यांना हो म्हणतात. म्हणून धंदा वाढलेला दिसतो आणि शेअर चढतो. उद्या दावे आले की द्यायचं कुठून? आमच्याकडं मी नाही म्हणायचे म्हणून कंपनी उभी होती. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या त्यापायी. ते माझे पैसे आहेत, अहो."

मला पैशाचं काही ऐकू येत नाही. डोक्यात एकच येतं.

"कुंदे, त्यांनी मंजूर केलंय ना तुला? मग चल की घरी."

ती हसते, आणि मग पहिल्यांदाच तिचा चेहरा पडतो.

"त्यांच्या मंजूरला काही अर्थ असता तर आले नसते का?"

गाडी सुरू होते. खड्डा नाही, रांग नाही. कोणीतरी माझा खांदा हलवतंय.

"मामा, उठा. बाजार बंद व्हायला आलाय."

मी उठून बसतो. विक्रांत माझा फोन पुढं धरतो.

"सगळं भरलंय मी. फक्त बोट ठेवा."

मी बोट ठेवतो. फोन ठसा घेत नाही. पुन्हा ठेवतो. पुन्हा नाही.

विक्रांत माझं बोट धरतो आणि चटका बसल्यासारखं सोडतो. दारातून ऊन आत आलंय, त्याची पाठ घामानं भिजलीय.

"बर्फ झालंय की, मामा! चोळा जरा, मग घेईल."

मी बोट मुठीत मिटून घेतो.

"राहू दे," मी म्हणतो. "नाही घ्यायचे तिथले."

"काय झालं अचानक?"

मी मूठ उघडत नाही. आत गारवा अजून आहे, तो जाऊ नये असं वाटतंय.