साडूंची वाळवंटातली गाय

अमिरातीतल्या उकाड्यात निम्मा वाटा माझ्या थोरल्या साडूंचा आहे, हे माझं ठाम मत आहे. हे गृहस्थ अल कुसैसमधल्या आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टवर चिडतात, सिग्नलवर चिडतात आणि दर रविवारी आम्हाला वाळवंटातल्या अभयारण्यात नेऊन, प्राणी शांततेत पाहावेत म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडतात. गाडीत वेफर्स फोडायचे नाहीत, शिंक आली तर आधी सांगायचं. एकदा माझ्या हातून शेंगदाण्याचं टरफल वाळूत पडलं. "खलास. आता इथे भुईमुगाचं शेत काढा," म्हणाले आणि भर उन्हात मला ते शोधायला लावलं. शेवटी मी खिशातलं दुसरंच टरफल दाखवून सुटलो. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

गेल्या दिवाळीत सासूबाई रत्नागिरीहून आमच्याकडे अल नहदाला आल्या होत्या. वसुबारसेची गाय-वासराची पूजा त्यांनी जन्मात चुकवली नव्हती. इथे गाय कुठून आणायची म्हणून त्या हिरमुसल्या, तेव्हा साडू गरजले, "आई, मी दाखवतो ना. ओरिक्स. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची. अरब लोक तिला रानगायच म्हणायचे. सध्या वासरूपण आहे."

"आजी, दॅट्स नॉट अ काऊ," माझी मुलगी म्हणाली. तिलाही ओरडा बसला.

संध्याकाळी अभयारण्यातल्या तळ्याकाठी गाडीत आम्ही चिडीचूप बसलो. आणि ती खरंच आली. मागे तांबूस, लटपटतं वासरू. गाडीतूनच हळदकुंकू वाहायचं म्हणून सासूबाईंनी करंडा उघडला. तेवढ्यात शेजारच्या गाडीतला एकजण सेल्फीसाठी खाली उतरला. साडूंनी काच खाली केली आणि ओरडले, "ओ भाई, पागल है क्या?" तो जागचा हलला नाही. गाय-वासरू मात्र टेकडीपलीकडे पसार झालं.

"गाय त्याने नाही, तुम्ही पळवलीत," मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. सासूबाईंच्या बोटांत कुंकवाची चिमूट तशीच राहिली होती.

मग त्या गाडीतून उतरल्या. ओल्या वाळूत खुरांचे ठसे उमटले होते, मोठ्यांशेजारी इवलेसे. त्या साडूंना म्हणाल्या, "जावईबापू, आम्ही रांगोळीने गोपद्मं काढतो. ही तर तिने स्वतः काढलीत. वाहू का कुंकू?"

एका टरफलासाठी मला उन्हात भाजणारा तो माणूस हळूच म्हणाला, "चिमूटभरच, आई." वारा सुटला तसे ते गुडघे टेकून बसले आणि इवल्या ठशाभोवती त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला. पूजा होईपर्यंत धरला.

आता त्यांची फुजैराला बदली झाली आहे. रविवारी मी, बायको आणि मुलगी असे तिघंच तळ्यावर जातो. मुलगी खुशाल वेफर्स फोडते, कोणी ओरडत नाही, आणि मला त्याचाच फार राग येतो.