मोडेल त्याने जोडायचं

शिक्षकांच्या खोलीत किस्से कोणी जमवत नाही. चहाच्या उष्ट्या कपांसारखे ते आपोआप साचतात, उचलायला कोणी उठत नाही! माझ्याकडचे बहुतेक एकाच कपाटातले.

माणिकपूरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. माझी बायको सुमन विज्ञान शिकवायची. मुलांनी केलेली मॉडेल्स प्रदर्शनानंतर घरी न्यायची नाहीत. कपाटात ठेवायची, पुढच्या सातवीने त्यांवरच शिकायचं, ही तिची पद्धत. नियम एकच : मोडेल त्याने जोडायचं, आणि जोडेल त्याने वर्गाला शिकवायचं.

दोन वर्षांपूर्वी सुमन गेली. तिचे तास माझ्याकडे आले. यंदा मुख्याध्यापिकाही नव्या आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "सर, तयार किट्स येतायत. शनिवारी भंगारवाला बोलावलाय. कपाट रिकामं करा."

मी "बरं" म्हणालो.

*

तरंगण्याचा धडा. कपाटातली लाकडी होडी टबात सोडून मी वर खडे ठेवतोय, ती कलंडतेय. तीनदा झालं. अर्नाळ्याची रोशनी उठली. तिच्या वडिलांची बोट आहे.

"सर, वजन वर कशाला? तळाला ठेवा. नायतर पानी शिरनारच!"

"पुस्तकात असं दिलेलं नाही गं."

"पुस्तक कधी दर्यात गेलंय का, सर?"

*

सुमनच्या वेळची गोष्ट. देठातून पाणी वर कसं चढतं, ते तिने लाल शाईत पांढरं फूल ठेवून दाखवलं. चार दिवसांनी सांडोरहून एका मुलाचे वडील हजर. "बाई, पोराने केळीच्या बुंध्याशी शाईच्या दोन बाटल्या ओतल्यात. घड लाल आला तर बाजारात काय सांगू?"

काही महिन्यांनी तेच गृहस्थ केळ्यांची फणी घेऊन आले. "पिवळीच निघाली हो, बाई. पोरगा दोन दिवस जेवला नाही!"

*

नालासोपाऱ्याच्या एका मुलाने प्रदर्शनासाठी चार मजली बिल्डिंग केली होती, पंप आणि नळांसकट. परीक्षकांनी नळ सोडला. थेंब नाही.

"अरे, मॉडेल बंद आहे का?"

"नाही सर. पाणी सकाळी एकच तास येतं."

पहिला नंबर त्यालाच मिळाला.

*

शुक्रवारी मोठ्या बाई कपाट पाहायला वर्गात आल्या. वळताना पदर अडकला आणि फुप्फुसांचं मॉडेल खाली पडलं. प्लास्टिकची बाटली, आत दोन फुगे, तळाला ताणलेलं रबर. सुमनच्या शेवटच्या वर्गाने केलेलं. फुग्यांच्या दोऱ्याच्या गाठी तिच्या हातच्या. बाटली चिरली, एक फुगा फाटला.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "उद्या टाकायचंच होतं."

रोशनीने चिकटपट्टी, दोरा आणि नवे फुगे आणून टेबलावर ठेवले. "मोठ्या बाई, मोडेल त्याने जोडायचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

त्या बाकावर बसल्या. जवळजवळ अख्खा तास गेला. दोन फुगे फुटले, तिसरा बसला. जुन्या गाठीशेजारी नवी गाठ आली, जरा वाकडी.

"आता शिकवा," रोशनी म्हणाली.

"अगं, मी इतिहासाची!"

"चालतं. आम्ही सांगतो."

बाईंनी तळाचं रबर खाली ओढलं. आतले दोन्ही फुगे फुगले. त्यांनी ते सोडलं, पुन्हा ओढलं. घंटा झाली तरी ओढत होत्या.

शनिवारी भंगारवाला पोतं घेऊन आला. मी कपाटाची किल्ली काढत होतो. मोठ्या बाई दारात आल्या आणि त्याला म्हणाल्या, "नाही हो, आता नाही जमायचं. त्यात माझंही एक आहे."