बदकाचं पार्सल आणि तिसरी घंटा

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी एक बदक पोस्टमास्तर म्हणून रुजू व्हायचं. जपानी कार्टून होतं, हिंदीत डब केलेलं. बदकाकडे एक पार्सल येई, ते डोंगरावरच्या वस्तीत पोचवायचं असे, आणि वीस मिनिटांत त्या पार्सलची अशी काही वाताहत होई की ते कधी पोचतच नसे. दुसऱ्या दिवशी नवं पार्सल, नवी वाताहत. माझी तेरा वर्षांची मुलगी हे सगळं पापणी न लववता पाही. मी मिनिस्ट्रीत टिप्पण्या लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, त्यामुळे शेजारी बसून त्यावरही टिप्पणी करी.

"यात गोष्ट कुठे आहे?" मी विचारी. मग माझं व्याख्यान सुरू होई. कथेला आरंभ हवा, मध्य हवा, शेवट हवा. एका घटनेतून दुसरी निघायला हवी. पात्रात बदल व्हायला हवा. हे बदक पहिल्या दिवशी जेवढं बावळट होतं तेवढंच आजही आहे, आणि एकही प्रकरण निकाली निघत नाही! ज्या सेक्शनमध्ये एकेक फाईल दोन-दोन मंत्री बदलेपर्यंत हलत नसे, तिथून नुकताच घरी येऊन मी हे बोलत असे. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मुलगी उत्तर द्यायची, पण हिंदीत. "पार्सल नहीं पहुँचेगा, ये तो सबको पता है, बाबा. कैसे नहीं पहुँचेगा, वो देखना होता है."

तिचं हे हिंदी मुळातलं नव्हतं. लहानपणी ती माझ्याशी मराठीच बोलायची, दिल्लीचं पाणी लागलेलं का होईना. एकदा पुण्याहून आमचे एक वृद्ध काका आले होते. तिला त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचं होतं. त्यांना सवड आहे का हे विचारायला ती गेली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही खाली आहात का?" काका सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "नाही गं, चांगला वर बसलोय." सगळे हसले. तिथे विषय संपायला हवा होता. पण मी तो किस्सा उचलला आणि येईल त्या पाहुण्याला ऐकवला, तिच्या आवाजाची नक्कल करून, तिला समोर उभी करून. पुढे ती 'डोक्यात दर्द होतोय' म्हणाली, त्याचाही किस्सा झाला. मग कधीतरी ती माझ्याशी मराठी बोलायची थांबली. कधी, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. पाहुण्यांत मात्र मी सुस्कारा टाकून सांगे, "काय करणार, दिल्लीत मुलांची भाषा जातेच."

बदकावरून आमची खरी जुंपली ती एका रविवारी. पात्र बदलत नाही ती कथाच नव्हे, हे मी चौथ्यांदा सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आप भी तो मेहमानों को हर बार वही एक कहानी सुनाते हो. उसमें कौन-सा कैरेक्टर चेंज होता है?"

स्वयंपाकघरात बायको हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मी भडकलो. मुद्दा बिनतोड होता म्हणून जास्तच भडकलो.

सरकारी नोकर घरात हरला की कमिटीत जातो. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर मी होतोच. मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम दोन: जानेवारीत बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन हळहळायचं, आणि भाद्रपदात गणपती बसवायचा. गणपतीत मुलांची वादविवाद स्पर्धा असे. यंदाचा विषय मी सुचवला: 'सुट्या भागांची विनोदी मालिका ही गोष्टच नव्हे.' शिवाय एक नियमही मांडला. भाषणात हिंदी शब्द आला की घंटा वाजवायची, आणि तिसऱ्या घंटेला स्पर्धकाने खाली बसायचं. त्या बैठकीत आधी 'घंटी' हा शब्द हिंदी की मराठी यावर अर्धा तास गेला. शेवटी 'घंटा' ठरलं. घंटा म्हटलं की आमची दिल्लीत वाढलेली मुलं फिदीफिदी हसत; का, ते कुणी मोठ्यांना सांगत नव्हतं. "चलो, फिर पास," असं म्हणून अध्यक्षांनी शुद्ध मराठीचा ठराव मंजूर केला. घंटा वाजवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

चार दिवसांनी नावांची यादी आली. विषयाच्या विरुद्ध बाजूने बोलणाऱ्यांत माझ्या मुलीचं नाव होतं.

"अहो," बायको म्हणाली, "दोन वर्षांनी ती मराठीत तोंड उघडतेय, तेही सगळ्यांसमोर. तिथे तिला खाली बसवलंत ना, तर पुन्हा आयुष्यात बोलायची नाही. जरा जपून वाजवा."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल भरला होता. मी अध्यक्षांच्या शेजारी, समोर पूजेतली पितळी घंटा. आधीच्या तीन मुलांनी पाठ केलेली भाषणं धडाधड म्हटली आणि टाळ्या घेतल्या. मग ती आली. कागद नव्हता. आवाज किंचित कापत होता, पण मराठी होतं. दोन वर्षांत मी तो आवाज मराठीत ऐकला नव्हता.

"लोक म्हणतात, यात कथा नाही," ती म्हणाली. "पण रोज एक पूर्ण कथा आहे. बदक निघतो, अडकतो, पडतो. उद्या तो पुन्हा निघतो. कालचा अपमान त्याला कुणी आठवून देत नाही. तो रोज कोशिश करतो..."

कोशिश. मी घंटा वाजवली. हात नियमाने उचलला गेला, एवढंच म्हणेन.

ती दचकली. "लेकिन..." म्हणाली, आणि जीभ चावली. दुसरी घंटा. हॉलमध्ये कुणीतरी चुकचुकलं. बायको तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे पाहत होती. ती नजर मी टाळली.

मुलीने वर छताकडे पाहिलं. कोशिशला मराठी शब्द ती शोधत होती, हे मला दिसत होतं. प्रयत्न, बाळ, प्रयत्न, मी मनात ओरडत होतो. पण तिच्या मदतीला आलं शाळेचं हिंदीचं पुस्तक. जड संस्कृत शब्द दोन्ही भाषांत चालतो, असा सगळ्या दिल्लीकर मुलांचा हिशोब असतो. तिचा चेहरा उजळला.

"तो रोज चेष्टा करतो," ती ठासून म्हणाली. "माझे बाबा पण तसेच आहेत. मला चांगलं मराठी यावं म्हणून ते रोज चेष्टा करतात. घरी करतात, बाहेर करतात, पाहुणे आले तरी करतात. मी लहान होते तेव्हापासून करतात. कधी थकत नाहीत."

हॉलमध्ये हशा उसळला. आमच्या घरी चहा प्यायलेली निम्मी मंडळी तिथे होती. ती सगळी माझ्याकडे बोट दाखवून हसत होती. मुलगी गोंधळून पाहत राहिली. तिने माझं कौतुक केलं होतं, मनापासून, आणि लोक का हसतायत हे तिला कळत नव्हतं.

अध्यक्ष माझ्याकडे झुकले. "अहो, तिला प्रयत्न म्हणायचंय. हिंदीतली चेष्टा ही. वाजवा की घंटा."

त्यांचं बरोबर होतं. घंटा वाजवली असती तर सगळ्या हॉलला कळलं असतं की मुलीने मला चांगलं म्हटलंय. माझी अब्रू वाचली असती, आणि ती खाली बसली असती. तिच्या मराठीविना गेलेली ती दोन वर्षं मला एकदम दिसली. इतकी लाज मला ऑफिसात मेमो मिळाला तेव्हाही वाटली नव्हती.

"नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. "शब्द मराठी आहे. वाक्यही बरोबर आहे."

पुन्हा हशा झाला. घंटा मी उचलून खुर्चीखाली ठेवली. ती पुढे बोलली, अडखळत बोलली, पार्सल न पोचण्याचे पाच प्रकार तिने हातवारे करून सांगितले, आणि वेळ संपल्यावरच खाली उतरली. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. माझ्या बाजूने बोललेला एक मुलगा पहिला आला. त्याने कथेच्या आरंभ-मध्य-शेवटावर असं भाषण केलं की मलाच जांभई आली.

घरी येताना आम्ही बापलेक मागे राहिलो होतो. क्वार्टरांच्या रांगेतून चालताना तिने विचारलं, "बाबा, लोक का हसले?" मराठीत विचारलं.

मी सांगितलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, समोरच्याला खिजवणं. म्हणजे तू सगळ्यांना सांगितलंस की बाबा रोज माझी थट्टा करतात, घरी, बाहेर, पाहुण्यांसमोर.

ती चालता चालता थांबली. तिने विचार केला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं काही चुकलं."