बाबांनी सांगितलेला पिक्चर

आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी पिक्चर बघायचे नसत, ऐकायचे असत. सांगणारे माझे बाबा. अधूनमधून एखाद्या रविवारी दुपारी हाटकेश भागातल्या व्हिडिओ लायब्ररीतून व्हीसीआर भाड्याने यायचा आणि आमच्या वन रूम किचनमध्ये शेजारपाजार चटया घेऊन हजर. मीरा रोडला तेव्हा पाण्याची बोंब होती, पण शेजार भरपूर होता. गुजराती होते, यूपीवाले होते, आमच्यासारखे परळची चाळ सोडून आलेलेही होते. बाबा कचेरीत इंग्रजी पत्रं लिहायचे, म्हणून हे खातं त्यांच्याकडे. टीव्हीशेजारी स्टूल टाकून ते अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत पिक्चर सांगायचे आणि सांगता सांगता त्याला सोवळं नेसवायचे. कोणी दारू प्यायला लागलं की म्हणायचे, औषध घेतोय. कोणी कोणाचा मुका घेतला की, निरोप घेतायत. समोरच्या गुजराती काकींनी एकदा विचारलं, "भाईसाब, ये लोग इतने बीमार क्यूं रहते हैं?" तेव्हा सगळ्यात मोठ्याने आई हसली होती.

मग आईच आजारी पडली. पोटात गाठ निघाली आणि ती चांगली नव्हती. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, आता फार काही करण्यासारखं नाही. पेशंटला कळू द्यायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज, त्यावर कोणी चर्चासुद्धा करत नाही. आईला सांगितलं, आतड्याला सूज आहे, वेळ लागेल. मला खरं सांगितलं, कारण स्वयंपाक आता माझ्याकडे येणार होता. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते.

त्या दिवसापासून बाबा डोळ्यांत तेल घालून पहारा देऊ लागले. भेटायला येणाऱ्याला जिन्यातच गाठून काय बोलायचं आणि काय नाही हे पढवायचे. हळव्या बायकांना तर ती झोपलीये सांगून खालूनच परत पाठवायचे. मला त्यांचा राग यायचा. आई पलंगावर पडून दाराकडे बघत बसायची आणि म्हणायची, हल्ली कोणी येत कसं नाही गं.

पिक्चर आणा, सगळे जमतील तरी, हे तिनेच सुचवलं. बाबा विनोदी हिंदी पिक्चर आणायला गेले, पण रविवार असल्यामुळे लायब्ररीत धड काही उरलं नव्हतं. ते रॉकेटचं चित्र असलेली एक इंग्रजी कॅसेट घेऊन आले. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाले, अंतराळातलं आहे, यात हॉस्पिटल नाही, रडारड नाही. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं.

पिक्चरमध्ये एक माणूस यानात एकटा अडकलेला. यान बिघडलेलं, आतली हवा संपत चाललेली. खाली जमिनीवर मोठमोठे साहेब कागद घेऊन इकडून तिकडे धावतायत आणि रेडिओवर त्याला सांगतायत, काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे. इथपर्यंत बाबांना भाषांतराची काहीच अडचण आली नाही. मग साहेबांनी त्याच्या बायकोला माइकपुढे बसवलं. तिने शेजारच्या साहेबाचा हात बाजूला केला आणि नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, तुला परत आणायची सोय यांच्याकडे नाही. एवढं इंग्रजी मला येत होतं.

बाबा म्हणाले, "ती सांगतेय, उद्या सकाळपर्यंत तू घरी येशील. जेवायला काय करू, विचारतेय."

पलंगावरून आई म्हणाली, "अहो, ती खरं सांगतेय त्याला. बघा ना, किती सुटल्यासारखा दिसतोय तो."

बाबा हसायला गेले, म्हणाले, तुला कधीपासून इंग्रजी कळायला लागलं. शेजारीही हसले. आई हसली नाही. "तुम्ही आता सांगू नका," ती म्हणाली. "मला नुसतं बघू द्या."

बाबा स्टुलावरून उठले आणि चहा ठेवतो म्हणून आत गेले. आयुष्यात त्यांनी कधी चहा केला नव्हता. इकडे पडद्यावर ती दोघं साधंच काहीबाही बोलत होती, मध्येच हसत होती, मध्येच रडत होती. कोणी सांगायला नव्हतं, पण चटईवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. शेवटी मात्र कुठल्याशा दुसऱ्या देशाचं यान येतं आणि तो माणूस वाचतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हातात गाळणं घेऊन धावत बाहेर आले. "बघ, आला की नाही परत? मी काय सांगत होतो?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "हो," ती म्हणाली. "आला."

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर तिने मला जवळ बसवून सांगितलं की तिला सगळं कळलंय. मी रडले, तिने रडू दिलं. मग म्हणाली, "त्यांना हे सांगू नकोस हं. मला काही कळलेलं नाही, एवढ्या एका समजुतीवर ते उभे आहेत." आणि तिचं एकच मागणं होतं. चिपळूणला तिची बहीण होती, एकुलती एक. तिला एकदा भेटायचं होतं.

मी बाबांना म्हटलं, मावशीला बोलावू या. ते एकदम उखडले. लग्नकार्य नसताना बहीण अचानक कोकणातून आली तर तुझ्या आईला संशय येणार नाही का? मी म्हटलं, आंब्याचं निमित्त करू, काहीही करू. ते ऐकेनात. आईला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, राहू दे, जोर करू नकोस. तरी रोज दुपारी विचारायची, चिपळूणहून काही कळलं का गं. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि बाबांना खरं सांगू शकत नव्हते, आईचं मागणं पुरवू शकत नव्हते. ती घुसमट अजून गेलेली नाही.

आई पावसाळ्याच्या आधी गेली. तार मिळाल्यावर मावशी एसटीने निघाली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दारातच बाबांनी तिला सांगितलं, "शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही. सुखात गेली." बोलताना त्यांची मान ताठ होती. कर्तव्य पार पाडलेल्या माणसासारखे दिसत होते.

मावशीने आत स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "माझी आठवण तरी काढलीन का गं?"

"रोज," मी म्हटलं. "तिला सगळं ठाऊक होतं, मावशी. तुला एकदा बघायचं होतं."

आमच्या घरात आतलं बाहेर ऐकू न जाण्याची सोयच नव्हती. बाबा येऊन दारात उभे राहिले. कधी कळलं तिला, एवढंच त्यांनी विचारलं. पिक्चर बघितला तेव्हा, मी सांगितलं. ते उंबऱ्यावरच बसले.

"मग माझ्याशी का नाही बोलली?"

"तिला तुमची काळजी होती, बाबा."

"मला पण तिचीच होती," बाबा म्हणाले.